14 जुलै : बॅस्टिल डे म्हणजे फ्रान्सचा स्वातंत्र्यदिन नव्हे, मग काय?

14 जुलै 2009. पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाचं संचलन सुरू झालं, तेव्हा पुढे भारतीय जवान होते. तिन्ही दलांच्या सुमारे 400 जणांत आघाडीला होती मराठा लाइट इन्फन्ट्री. मुंबईत 1768 मध्ये उभी राहिलेली ही पलटण, तिचं केंद्र बेळगावात. प्रमुख पाहुणे होते पंतप्रधान मनमोहन सिंग. 2023 मध्ये नरेंद्र मोदी पाहुणे होते, तेव्हा हा मान पंजाब रेजिमेंटला मिळाला.

पण या दिवशी फ्रेंच लोक नेमकं काय साजरं करतात? स्वातंत्र्यदिन तर नक्कीच नाही. फ्रान्सवर परक्यांचं राज्य नव्हतं; लोक उठले ते स्वतःच्याच राजाविरुद्ध.

1789 मध्ये पाव महागला होता आणि सोळाव्या लुईने पॅरिसभोवती फौज जमवली होती. 14 जुलैच्या सकाळी जमावाने सरकारी कोठारातून बंदुका पळवल्या. बंदुका मिळाल्या, दारू नव्हती. ती होती बॅस्टिल किल्ल्यात. हा किल्ला तुरुंग म्हणून बदनाम असला तरी त्या दिवशी आत कैदी होते अवघे सात! किल्ला घेताना सुमारे शंभर हल्लेखोर मेले. किल्लेदार द लोने याला जमावाने ठार करून त्याचं मुंडकं भाल्यावर मिरवलं.

बरोबर वर्षाने, 14 जुलै 1790 रोजी, पॅरिसमध्येच एकोप्याचा मोठा सोहळा झाला. राजाने राज्यघटना पाळण्याची शपथ घेतली. (1793 मध्ये त्याचाच शिरच्छेद झाला, ती गोष्ट वेगळी.)

राष्ट्रीय दिनाचा कायदा आला तो थेट 6 जुलै 1880 रोजी. रक्तपाताचा दिवस कसा साजरा करायचा, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. उत्तर आलं, 1790 चा सोहळा आठवा. शेवटी कायद्यात फक्त '14 जुलै' लिहिलं, साल लिहिलंच नाही. ज्याने त्याने आपलं साल धरावं. तिकडे 'बॅस्टिल डे' असंही म्हणत नाहीत. नुसतं 'कातोर्झ जुइये', म्हणजे 14 जुलै.

बारामती-इंदापूरच्या शाळांत 15 ऑगस्टला झेंडावंदन, कवायत, खाऊ झाला की मुलं घरी. फ्रान्समध्ये सकाळी संचलन असतं, पण खरी मजा रात्रीची. आयफेल टॉवरवर आतषबाजी होते, आणि 13 आणि 14 जुलैच्या रात्री गावोगावची अग्निशमन केंद्रं नाचायला सगळ्यांना खुली असतात. यजमान अर्थातच बंबवाले.