१२९ मतांचे राज्यपालपद: वॉशिंग्टन राज्यातील निवडणूक आणि सरकारी खर्चाचा वाद

अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या वॉशिंग्टन राज्यात २ नोव्हेंबर २००४ रोजी झालेल्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत एकूण २८ लाखांहून अधिक मते पडली आणि विजयी व पराभूत उमेदवारांमधील अंतर १२९ मतांचे राहिले. दर एक लाख मतांमागे हा फरक पाच मतांपेक्षाही कमी होता. अंतिम निकालासाठी तीन वेळा मोजणी करावी लागली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला आणि राज्यपालांनी शपथ घेतल्यानंतरही जवळजवळ पाच महिने न्यायालयीन लढा सुरू राहिला. अमेरिकेत यापूर्वीही अशा अटीतटीच्या लढती झाल्या आहेत. मिनेसोटा राज्यात १९६२ मध्ये कार्ल रोल्व्हाग अवघ्या ९१ मतांनी राज्यपाल झाले होते. मात्र वॉशिंग्टनच्या निवडणुकीतील खरा प्रश्न मतमोजणीपेक्षा जुना होता. सरकारने किती खर्च करावा आणि त्यासाठी पैसा कोणी द्यावा, या प्रश्नावर राज्यातील मतदार जवळजवळ बरोबर मध्यावर दुभंगले होते.

भारतात राज्यपालांची नियुक्ती राष्ट्रपती करतात आणि राज्याचा कारभार मुख्यमंत्री चालवतात. अमेरिकेत राज्यपालाची निवड मतदार थेट करतात. राज्याचा अर्थसंकल्प मांडणे, विधेयकांवर स्वाक्षरी करणे किंवा ती नाकारणे आणि प्रशासन चालवणे ही कामे त्याच्याकडे असतात. थोडक्यात, आपल्याकडील मुख्यमंत्र्यांचे अधिकार तेथे राज्यपालांकडे असतात. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन राज्य यांचा भूगोलाच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. या राज्याची राजधानी ऑलिम्पिया असून सर्वांत मोठे शहर सिएटल आहे.

कॅस्केड पर्वतरांगेमुळे राज्याचे दोन भाग पडतात. पश्चिमेला सिएटल, बोइंगचे विमान कारखाने, मायक्रोसॉफ्टसारख्या संगणक कंपन्या आणि दाट वस्तीची किंग काउंटी आहे. पूर्वेला गहू आणि सफरचंदांचा शेतीप्रधान, तुलनेने विरळ वस्तीचा मुलूख आहे. किंग काउंटीत डेमोक्रॅटिक पक्षाचे वर्चस्व, तर पूर्वेकडे रिपब्लिकन पक्षाचे. सिएटलमधील उड्डाणपूल आणि बोगदे यांसाठी आम्ही का पैसे मोजावेत, असा सवाल पूर्वेकडील मतदार पूर्वापार विचारीत आले आहेत.

या राज्याची करव्यवस्थाही वेगळी आहे. प्राप्तिकर घटनाबाह्य असल्याचा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३३ मध्ये दिला. त्यामुळे २००४ मध्ये तिजोरीची भिस्त प्रामुख्याने विक्रीकर, मालमत्ताकर आणि उद्योगांच्या एकूण उलाढालीवर आकारल्या जाणाऱ्या करावर होती. उलाढालीवरचा कर नफा झाला नाही तरी भरावा लागतो. छोट्या व्यावसायिकांचा त्याच्यावरचा रोष म्हणूनच जुना आहे. दुसरीकडे विक्रीकर गरीब कुटुंबाला त्याच्या मिळकतीच्या मानाने अधिक जाचतो. मंदी आली की विक्री घटते आणि तिजोरीतील आवक लगेच आटते.

यात भर पडली थेट लोकमताची. वॉशिंग्टनमध्ये पुरेशा स्वाक्षऱ्या गोळा करून नागरिक एखादा कायदा थेट मतदानासाठी मांडू शकतात. १९९३ मध्ये मतदारांनी प्रस्ताव क्रमांक ६०१ संमत करून खर्चातील वाढीवर महागाई आणि लोकसंख्यावाढीशी निगडित मर्यादा घातली. १९९९ मध्ये मोटारींवरील वार्षिक कर ३० डॉलरवर आणणारा प्रस्ताव संमत झाला. न्यायालयाने तो रद्द केला, तरी विधिमंडळाने मतदारांचा कल पाहून ती कपात कायम ठेवली. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, याच मतदारांनी दोन प्रस्तावांना कौल दिला. एक शाळेतील वर्ग लहान करण्यासाठी निधी देणारा, तर दुसरा शिक्षकांना महागाईनुसार वेतनवाढ देणारा. कर कमी आणि खर्च जास्त, असा हा आदेश होता. तो पाळण्याची जबाबदारी मात्र मतदारांवर नव्हती, ती विधिमंडळावर होती.

२००३ चा अर्थसंकल्प

संगणक क्षेत्रातील घसरण आणि ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमान उद्योगावर आलेले संकट यांचा फटका या राज्याला तीव्रतेने बसला. बोइंगने त्याच वर्षी आपले मुख्यालय सिएटलहून शिकागोला हलवले होते. २००३ मध्ये पुढील दोन वर्षांच्या अर्थसंकल्पात सुमारे अडीच अब्ज डॉलरची तूट दिसू लागली. तत्कालीन राज्यपाल गॅरी लॉक डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. तरीही त्यांनी मोठी करवाढ न करता तूट भरून काढण्याची भूमिका घेतली. सिनेटच्या अर्थसमितीचे अध्यक्षपद तेव्हा डिनो रॉसी या रिपब्लिकन सदस्याकडे होते. त्यांनी त्याच चौकटीत सिनेटचा अर्थसंकल्प तयार केला आणि विरोधी पक्षाच्या राज्यपालाशी जुळवून घेत तो पुढे नेला. व्यवसायाने स्थावर मालमत्ता क्षेत्रातील असलेल्या रॉसी यांची राज्यव्यापी ओळख या एका कामामुळे झाली.

या अर्थसंकल्पाची किंमत कोणी मोजली, यावरून पुढे वाद झाला. शिक्षकांची वेतनवाढ रोखण्यात आली आणि वर्ग लहान करण्यासाठीचा निधी लांबणीवर पडला. गरीब मुलांच्या आरोग्य साहाय्याच्या पात्रतेची तपासणी अधिक वारंवार होऊ लागल्याने अनेक मुले त्या योजनेबाहेर गेली. त्याच वर्षी बोइंगच्या नव्या विमानाची जुळणी एव्हरेट येथेच व्हावी म्हणून विमान उद्योगाला पुढील वीस वर्षांसाठी अब्जावधी डॉलरच्या करसवलती देण्यात आल्या. रोजगार टिकवण्यासाठी हे अपरिहार्य होते, असे दोन्ही पक्षांच्या नेत्यांचे म्हणणे होते. सवलत हाही एक प्रकारचा खर्चच असतो, ही बाब मात्र त्या वेळच्या चर्चेत मागे पडली.

२००४ मध्ये लॉक यांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार होत्या क्रिस्टीन ग्रेग्वार. तीन वेळा राज्याच्या महाधिवक्तापदी निवडून आलेल्या ग्रेग्वार यांचे तंबाखू कंपन्यांविरुद्धच्या राष्ट्रीय तडजोडीतील काम देशभर गाजले होते. मंदीतही कर न वाढवता हिशेब जुळवता येतो हे २००३ मध्ये सिद्ध झाले, असा रॉसी यांच्या समर्थकांचा युक्तिवाद होता. दोन दशके एकाच पक्षाकडे राज्यपालपद राहिल्याने प्रशासन सुस्तावले असून उद्योग राज्याबाहेर जात आहेत, असेही ते म्हणत. हिशेब जुळवण्यासाठी मुले आणि शिक्षक यांच्याच वाट्याला कात्री का येते, हा ग्रेग्वार समर्थकांचा प्रतिप्रश्न होता. त्याच दिवशी शिक्षणासाठी विक्रीकर एक टक्क्याने वाढवण्याचा प्रस्तावही मतपत्रिकेवर होता. सुमारे ६० टक्के मतदारांनी तो फेटाळला. याचा अर्थ ग्रेग्वार यांना मत देणाऱ्या अनेकांनीही करवाढीला नकार दिला होता.

तीन मोजण्या

पहिल्या मोजणीत रॉसी २६१ मतांनी आघाडीवर होते. एवढ्या कमी फरकामुळे कायद्यानुसार यंत्रांद्वारे फेरमोजणी झाली. तीत आघाडी ४२ वर आली. ३० नोव्हेंबर रोजी राज्याचे सचिव सॅम रीड यांनी रॉसी यांना विजयी घोषित केले. त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने हाताने फेरमोजणीची मागणी केली. त्यासाठी पक्षाला सुमारे ७ लाख ३० हजार डॉलर अनामत भरावी लागली. निकाल बदलल्यास ही रक्कम परत मिळते, अशी कायद्यात तरतूद होती.

याच सुमारास किंग काउंटीत एक चूक उघड झाली. टपालाने आलेल्या शेकडो मतपत्रिका केवळ मतदाराच्या स्वाक्षरीचा नमुना संगणकात न सापडल्याने बाद ठरवण्यात आल्या होत्या. वास्तविक हे नमुने कागदी नोंदींत होते. बाद ठरलेल्यांत काउंटी परिषदेचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स यांचेही मत निघाले. या मतपत्रिकांचा फेरविचार करण्यास रिपब्लिकन पक्षाने हरकत घेतली. २२ डिसेंबर रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने काउंटीला त्या तपासण्याची मुभा दिली. किंग काउंटीतील मूळ मतपत्रिकांची हातमोजणी संपली तेव्हा ग्रेग्वार प्रथमच पुढे गेल्या होत्या, त्याही दहा मतांनी. पूर्वी बाद ठरलेली वैध मते मिळवल्यानंतर अंतिम आकडे पुढीलप्रमाणे जाहीर झाले: ग्रेग्वार १३,७३,३६१, रॉसी १३,७३,२३२ आणि लिबर्टेरियन पक्षाच्या रूथ बेनेट ६३,४६५. बेनेट यांची मते विजयाच्या फरकाच्या जवळजवळ पाचशे पट होती. ३० डिसेंबर रोजी रीड यांनी या निकालावर शिक्कामोर्तब केले. रीड स्वतः रिपब्लिकन होते आणि या निर्णयाबद्दल त्यांना स्वपक्षीयांचा रोष पत्करावा लागला.

ग्रेग्वार यांनी १२ जानेवारी २००५ रोजी शपथ घेतली. त्यापूर्वीच रॉसी यांच्या बाजूने निवडणुकीला आव्हान देण्यात आले होते. त्यासाठी राज्याच्या पूर्व भागातील, सफरचंदांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेनाची या गावचे न्यायालय निवडण्यात आले. मतदानाचा अधिकार परत न मिळालेल्या गुन्हेगारांनी मते दिली, काही मते मृत व्यक्तींच्या नावे पडली आणि किंग काउंटीत तात्पुरत्या मतपत्रिका पडताळणीविना थेट यंत्रात घालण्यात आल्या, असे आरोप होते. न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनी ६ जून रोजी निर्णय दिला. १,६७८ मते बेकायदा असल्याचे त्यांनी मान्य केले. म्हणजेच बेकायदा मतांची संख्या विजयाच्या फरकाच्या तेरा पट होती.

तरीही निवडणूक रद्द झाली नाही. ही मते कोणाला पडली याचा पुरावा नव्हता. ज्या मतदान केंद्रात उमेदवाराला जेवढे टक्के मते मिळाली, तेवढ्याच प्रमाणात बेकायदा मतेही त्याच्या खात्यातून वजा करावीत, असा रिपब्लिकन पक्षाचा प्रस्ताव होता. एखादा माणूस शेजाऱ्यांप्रमाणेच मत देतो हे गृहीत धरण्यास न्यायाधीशांनी नकार दिला. प्रत्यक्ष साक्षीतून कळलेली मते तेवढी वजा झाली. त्यांतील चार रॉसी यांची आणि एक बेनेट यांचे होते. फरक त्यामुळे १३३ वर गेला. भारतातही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०० नुसार अवैध मतांमुळे निकालावर वास्तविक परिणाम झाला हे याचिकाकर्त्याला सिद्ध करावे लागते. या दोन कसोट्यांतील साम्य स्पष्ट आहे. रॉसी यांनी त्याच दिवशी अपील न करण्याचे जाहीर केले.

निकालानंतरचा खर्च

१२९ मतांच्या जोरावर आलेल्या राज्यपाल जपून पावले टाकतील, असा अनेकांचा अंदाज होता. तो चुकला. पहिल्याच वर्षी मुलांच्या आरोग्य साहाय्यावरील जाचक तपासण्या शिथिल झाल्या, मोठ्या मालमत्तांवर वारसाकर बसला, सिगारेट आणि मद्यावरील कर वाढला आणि १९९३ ची खर्चमर्यादा सैल करण्यात आली. सर्वांत वादग्रस्त निर्णय पेट्रोलवरील कराचा होता. चार वर्षांत टप्प्याटप्प्याने गॅलनमागे साडेनऊ सेंट, म्हणजे २८ सेंटवरून साडेसदतीस सेंटपर्यंत वाढ करण्याचे ठरले.

हा कर रद्द करण्यासाठी प्रस्ताव क्रमांक ९१२ मांडण्यात आला आणि त्यावर अल्पावधीत चार लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या जमल्या. नोव्हेंबर २००५ मध्ये तो संमत होणार, असे वातावरण होते. परंतु सुमारे ५५ टक्के मतदारांनी तो फेटाळून करवाढ कायम ठेवली. या मतदारांनी आदल्याच वर्षी शिक्षणासाठीचा विक्रीकर नाकारला होता. फरक बहुधा हिशेबाच्या स्पष्टतेत होता. पेट्रोलकराचा पैसा राज्यघटनेनुसार केवळ रस्त्यांवर खर्च करता येतो आणि कोणती कामे होणार याची यादी जाहीर होती. २००१ च्या भूकंपात खिळखिळा झालेला सिएटलचा किनारी उड्डाणपूल त्या यादीत होता. त्याच्या जागी बांधलेला बोगदा २०१९ मध्ये खुला झाला. २००६ मध्ये वारसाकर रद्द करण्याचा प्रस्तावही मतदारांनी नाकारला.

२००८ मध्ये ग्रेग्वार आणि रॉसी पुन्हा समोरासमोर आले. दोन वर्षांचा अर्थसंकल्प आता ३३ अब्ज डॉलरच्या पुढे गेला होता. चांगल्या काळातील आवक कायमस्वरूपी खर्चात गुंतवली तर वाईट काळात काय करणार, हा रॉसी यांच्या प्रचाराचा गाभा होता. वाढीचा मोठा भाग शाळा आणि आरोग्यसेवा यांवर, म्हणजे मतदारांनीच मागितलेल्या गोष्टींवर झाला, असे ग्रेग्वार सांगत. २००७ मध्ये मंजूर झालेल्या घटनादुरुस्तीने राखीव निधी निर्माण केल्याचाही त्या दाखला देत. या वेळी त्यांना ५३ टक्क्यांहून अधिक मते मिळाली.

वाईट काळ मात्र मतदानापूर्वीच दाराशी आला होता. सिएटलची वॉशिंग्टन म्युच्युअल ही बँक सप्टेंबर २००८ मध्ये बुडाली. डिसेंबरमध्ये ग्रेग्वार यांनी करवाढ नसलेला, कपातींनी भरलेला अर्थसंकल्प मांडला. पुढे तुटीचा अंदाज सुमारे ९ अब्ज डॉलरपर्यंत गेला. २००० मध्ये मतदारांनी संमत केलेले शिक्षकांच्या वेतनवाढीचे आणि लहान वर्गांचे प्रस्ताव पुन्हा स्थगित झाले. जी कात्री २००३ मध्ये रॉसी यांनी चालवली, तीच आता ग्रेग्वार यांच्या हाती होती. राज्य शालेय शिक्षणावर घटनेला अपेक्षित असलेला खर्च करत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला. २०१५ मध्ये न्यायालयाने राज्याला दररोज एक लाख डॉलर दंड ठोठावला. हे प्रकरण २०१८ मध्ये मिटले.

ग्रेग्वार २०१२ मध्ये तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या नाहीत. रॉसी २०१० मध्ये सिनेटच्या आणि २०१८ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या निवडणुकीत पराभूत झाले. निवडणूक कायदेही बदलले. मतदारयाद्यांची छाननी कडक झाली. शिक्षा भोगलेल्यांचा मताधिकार २००९ च्या कायद्याने सुलभ झाला आणि २०२२ पासून तुरुंगाबाहेर येताच तो परत मिळू लागला. २०११ मध्ये संपूर्ण राज्यात टपाली मतदान लागू झाले. पेट्रोलवरील कर २०२५ मध्ये आणखी सहा सेंटनी वाढला. त्या वेळी राज्यपालपदी डेमोक्रॅटिक पक्षाचे बॉब फर्ग्युसन होते आणि ऑलिम्पियात अर्थसंकल्पीय तुटीवरच चर्चा सुरू होती.