दोन वक्रांमधील क्षेत्रफळ आणि विषमतेचे मोजमाप

आयत, त्रिकोण वा वर्तुळ यांच्या क्षेत्रफळाची सूत्रे शालेय वयातच पाठ होतात. परंतु दोन वक्रांनी वेढलेल्या प्रदेशासाठी असे एकच तयार सूत्र नसते. तेथे निश्चित समाकलनाचा, म्हणजेच महाविद्यालयात 'डेफिनिट इंटिग्रेशन' या नावाने परिचित असलेल्या पद्धतीचा आधार घ्यावा लागतो. परीक्षा संपली की बहुतेकांच्या विस्मरणात जाणारी ही पद्धत एका मोठ्या सामाजिक प्रश्नाशी निगडित आहे. समाजातील उत्पन्नाची वाटणी किती असमान आहे, हे सांगणारा 'जिनी गुणांक' म्हणजे मुळात दोन रेषांमधील क्षेत्रफळच होय.

या पद्धतीमागील कल्पना सोपी आहे. दोन वक्रांमधील प्रदेशाच्या अतिशय अरुंद उभ्या पट्ट्या पाडल्या, तर प्रत्येक पट्टी जवळजवळ आयतासारखी असते. वरच्या वक्राच्या उंचीतून खालच्या वक्राची उंची वजा केली की पट्टीची लांबी मिळते आणि तिला रुंदीने गुणले की क्षेत्रफळ. पट्ट्यांची रुंदी शून्याकडे नेत गेल्यास त्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज ज्या संख्येला जाऊन भिडते, ती संख्या म्हणजे निश्चित समाकल. मात्र वक्र एकमेकांना छेदत असतील, तर छेदनबिंदूपाशी प्रदेशाचे भाग पाडून प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ स्वतंत्रपणे काढावे लागते. अन्यथा एका भागाचे धन उत्तर दुसऱ्याच्या ऋण उत्तराने खोडले जाते.

अमेरिकी अर्थतज्ज्ञ मॅक्स लॉरेन्झ यांनी १९०५ मध्ये संपत्तीचे केंद्रीकरण दाखविणारा आलेख मांडला. त्याच्या आडव्या अक्षावर सर्वांत गरिबापासून सुरुवात करून लोकसंख्येचा वाटा, तर उभ्या अक्षावर तेवढ्या लोकांच्या पदरी पडणारा उत्पन्नाचा वाटा घेतात. सर्वांचे उत्पन्न सारखे असल्यास आलेख सरळ तिरकी रेषा होतो. प्रत्यक्षात तो त्या रेषेखाली झुकतो. इटलीचे संख्याशास्त्रज्ञ कोराडो जिनी यांच्या १९१२ आणि १९१४ मधील लेखनातून या झुकावाचे माप पुढे आले. रेषा व वक्र यांमधील क्षेत्रफळाला रेषेखालील त्रिकोणाच्या क्षेत्रफळाने भागले की जिनी गुणांक मिळतो. शून्य म्हणजे संपूर्ण समानता. गुणांक १ च्या जितका जवळ, तितकी विषमता अधिक.

उदाहरणार्थ, उत्पन्नाचा वाटा लोकसंख्येच्या वाट्याच्या वर्गाइतका आहे असे मानू. म्हणजे तळच्या निम्म्या लोकांकडे पाव उत्पन्न. तिरक्या रेषेखालील क्षेत्रफळ १/२ आणि वक्राखालील १/३ येते. दोहोंतील फरक १/६ असून त्याला १/२ ने भागल्यास गुणांक १/३, म्हणजे सुमारे ०.३३ ठरतो.

भारतातील घरगुती उपभोग खर्चाच्या अधिकृत सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये हा गुणांक ग्रामीण भागात ०.२३७ आणि शहरी भागात ०.२८४ होता. हे आकडे उत्पन्नाचे नसून खर्चाचे आहेत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. श्रीमंत कुटुंबे उत्पन्नाचा मोठा हिस्सा खर्च न करता शिल्लक टाकतात. त्यामुळे खर्चातील विषमता सहसा उत्पन्नातील विषमतेपेक्षा कमी दिसते.

दुसरी मर्यादा क्षेत्रफळातच दडलेली आहे. प्रत्येकी १०० माणसांच्या दोन वस्त्यांत १०० रुपये वाटायचे आहेत, अशी कल्पना करावी. पहिलीत तळच्या ५० जणांना मिळून २५ रुपये आणि उरलेल्यांना ७५ रुपये मिळतात. दुसरीत तळच्या ७५ जणांना ५० रुपये आणि वरच्या २५ जणांना ५० रुपये मिळतात. प्रत्येक गटात वाटणी सारखी असेल, तर दोन्ही वस्त्यांचा गुणांक ०.२५ च येतो. परंतु पहिल्या वस्तीतील गरिबाच्या हाती ५० पैसे, तर दुसरीतील गरिबाच्या हाती सुमारे ६७ पैसे पडतात. क्षेत्रफळ तेच, वक्राचा आकार मात्र वेगळा.

म्हणूनच विषमता घटली वा वाढली असे सांगणारा एकच आकडा समोर आला, तर तो उत्पन्नाचा आहे की खर्चाचा आणि त्यामागील वक्र नेमका कोठे झुकला आहे, हे दोन्ही तपासून पाहणे अगत्याचे ठरते.