वीस वर्षं लपलेली बेरीज

शब्दकोशात शब्द शोधताना तुम्ही पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही. मधलं पान उघडता, शब्द अलीकडे की पलीकडे ते बघता, उरलेला अर्धा भाग सोडून देता. प्रोग्रॅमिंगमध्ये यालाच बायनरी सर्च म्हणतात आणि हे उदाहरण जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं. दिसायला सोपं. पण ही पद्धत १९४६ मध्ये छापून आली आणि पहिला बिनचूक प्रोग्राम यायला १९६२ उजाडलं, असं जॉन बेंटली नोंदवतात.

बेंटलींच्या 'प्रोग्रॅमिंग पर्ल्स' (१९८६) या पुस्तकात हा प्रोग्राम पायरीपायरीने सिद्ध केलाय, नंतर चालवून तपासलाही आहे. त्यातली एक ओळ साधारण अशी:

मधला = (खालचा + वरचा) / २

चूक सापडली का? मलाही ही ओळ निरागसच वाटते. आता खालचा क्रमांक १०० कोटी आणि वरचा १२० कोटी धरा. बेरीज २२० कोटी. पण ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. बेरीज उलटून ऋण होते आणि 'मधला' येतो उणे १०४ कोटींच्या आसपास! जावा निदान तिथंच थांबून चूक दाखवते; सी मध्ये काय होईल याचा नेम नाही.

म्हणजे सिद्धता खोटी नव्हती. तिने गणितातले पूर्णांक धरले होते, यंत्रातले नाही. आणि एवढी मोठी यादी ठेवायला, नुसते चार-चार बाइटचे आकडे धरले तरी, चार जीबीहून जास्त मेमरी लागते. १९८६ मध्ये ती कुणाकडे होती?

बेंटलींचं याच विषयावरचं व्याख्यान जोशुआ ब्लॉक यांनी कार्नेगी मेलनमध्ये पीएचडी करताना ऐकलं होतं. पुढे जावाच्या लायब्ररीतला बायनरी सर्च त्यांनीच लिहिला, त्याच ओळीसकट. तो सुमारे नऊ वर्षं तसाच चालला. २००६ मध्ये ब्लॉक यांनी हे सगळं स्वतःच जाहीर लिहिलं, ते मला फार आवडतं. दुरुस्ती एवढीच:

मधला = खालचा + (वरचा − खालचा) / २

जुनी ओळ आजही कितीतरी धड्यांमध्ये भेटते. मात्र पायथनच्या धड्यात दिसली तर लगेच लाल पेन काढू नका. तिथले पूर्णांक लागतील तेवढे वाढतात, त्यामुळे तिथं ती बरोबरच आहे.