दाखल्यावरचा चेहरा

लायसन्स असो, पासपोर्ट असो वा रेशन दुकानात पुढे करायचे आधार कार्ड, त्यावर आपला फोटो असणे आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे काही इतिहास असेल असे वाटतच नाही. कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते: कॅमेरा आला, फोटो स्वस्त झाला आणि मग तो सरकारी कागदावर चिकटला. पण हा हिशेब जुळत नाही. छायाचित्रणाची कला 1839 मध्ये जाहीर झाली आणि 1860 च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांत फोटोंचे अल्बम भरू लागले. तरी पुढची तीसेक वर्षे सरकारी दप्तरात चेहरे जमा होत राहिले ते मुख्यतः चोर-दरोडेखोरांचे. ज्याच्यावर कसलाही आरोप नाही, जो रीतसर येऊन वर्षानुवर्षे राबतो आहे, अशा माणसाला ‘फोटो आण, दाखला घे, नाहीतर देशाबाहेर जा’ असे अमेरिकेच्या कायद्याने पहिल्यांदा फर्मावले ते 1893 मध्ये, आणि तेही एकट्या चिनी मजुरांना. फोटोवाल्या ओळखपत्राचा आजचा स्वभाव त्या जन्मवेळीच ठरला, असे माझे म्हणणे आहे. संशय आधी येतो, माणूस मागाहून. आणि निर्दोषपणा सिद्ध करायचा तो ज्याच्याकडे कागद मागितला जातो त्यानेच.

हे मजूर बहुतेक सगळे दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातले, त्यातही पर्ल नदीच्या मुखाजवळच्या चार तालुक्यांतले होते. (मुंबईत माझगावला ‘सी यूप कून’ हे चिनी मंदिर आहे. ते उभारणारेही याच चार तालुक्यांतले. एकाच मातीतली माणसे कोणत्या जहाजात बसली त्यावर त्यांचे दैव फिरले.) कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची वार्ता फुटल्यावर ते निघाले आणि त्या मुलखाला ‘सोन्याचा डोंगर’ म्हणू लागले. 1869 मध्ये पुरा झालेला अमेरिकेचा आरपार जाणारा लोहमार्ग पश्चिमेकडून ज्यांनी डोंगर फोडत आणला, त्यांत मोठा भरणा यांचाच होता. मग 1873 नंतरची मंदी आली, गोऱ्या कामगारांच्या सभांतून ‘चिन्यांना हाकला’ हीच एक घोषणा उठू लागली आणि 1882 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने चिनी मजुरांना दहा वर्षे प्रवेशबंदी केली. वंशाचे नाव घेऊन मजुरांच्या एका जमातीला दार बंद करणारा त्या देशाचा हा पहिला कायदा.

बंदी घालणे सोपे होते. बंदी कोणाला लागू आणि कोणाला नाही हे बंदरावर ठरवणे अवघड. आधीपासून राहणाऱ्या मजुराला गावी जाऊन परत येण्याची मुभा होती. त्यासाठी जहाजावर चढताना त्याला परतीचा दाखला मिळे. त्यात नाव, वय, धंदा, राहण्याचे ठिकाण आणि अंगावरच्या खाणाखुणा लिहिलेल्या असत. या वर्णनांचा फारसा उपयोग होत नाही, अशी कस्टमच्या अधिकाऱ्यांची तक्रार होती. काळे केस, काळे डोळे, गालावर वण: एवढ्यावर कोणालाही कोणीही ठरवता येते. त्यांच्या दृष्टीला सगळे चिनी सारखेच दिसत, हे त्यांचे दृष्टिमांद्य सरकारी अडचण म्हणून नोंदवले गेले. अंगठ्याचे ठसे घेण्याची सूचनाही त्या दशकात पुढे आली होती, पण ती बारगळली. फोटोचा प्रयोग मात्र स्त्रियांवर आधीच होऊन गेला होता. 1875 च्या पेज कायद्याने ‘अनैतिक’ स्त्रियांना मज्जाव केला, तेव्हा निघणाऱ्या चिनी स्त्रियांचे फोटो हाँगकाँगच्या अमेरिकी वकिलातीतून आगाऊ सॅन फ्रान्सिस्कोला धाडले जात आणि उतरणारीचा चेहरा त्याच्याशी ताडून पाहिला जाई. 1888 मध्ये तर काँग्रेसने परतीचे दाखलेच रद्द केले. त्या वेळी असा दाखला खिशात घेऊन सुमारे 20 हजार माणसे अमेरिकेबाहेर होती. सरकारने स्वतः दिलेला कागद सरकारनेच एका रात्रीत रद्दी ठरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने तेही चालवून घेतले.

दहा वर्षांची मुदत संपत आली तेव्हा कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी थॉमस गीअरी यांनी आणलेला कायदा 5 मे 1892 रोजी मंजूर झाला. बंदी आणखी दहा वर्षे वाढली. पण खरी नवी गोष्ट वेगळी होती. आजवरचे कागद सरहद्दीवर लागत. आता देशाच्या आत, खाणीत, धोबीखान्यात, शेतात काम करणाऱ्या प्रत्येक चिनी मजुराने वर्षभरात रहिवासी दाखला काढायचा होता. तो नसलेला मजूर सापडला की तो बेकायदा समजला जाणार. आजारपणामुळे किंवा अन्य अटळ कारणाने नोंदणी राहिली असे म्हणायचे असेल, तर आपण आधीपासून इथे राहतो हे सांगणारा एक तरी विश्वासार्ह ‘गोरा साक्षीदार’ आणायचा. हे शब्द कायद्यातच आहेत. चिनी लोकांनी या कायद्याचे नाव ठेवले ‘कुत्र्याच्या बिल्ल्याचा कायदा’. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मंडळांची ‘सिक्स कंपनीज’ ही संघटना एरवी मवाळ, व्यापाऱ्यांच्या हातातली. पण तिनेही नोंदणी करू नका असा आदेश काढला आणि वकिलांच्या फीसाठी माणशी एक डॉलर वर्गणी जमवली. 1890 च्या खानेसुमारीत अमेरिकेत 1 लाख 7 हजारांवर चिनी होते. मुदतीअखेर नोंदणी झाली 13 हजारांच्या आसपास. मोठा सविनय कायदेभंगच होता तो, जरी तसे कोणी म्हटले नाही.

खटला मुद्दाम उभा केला गेला. न्यूयॉर्कमधल्या तिघांनी दाखल्याविना स्वतःला अटक करवून घेतली. त्यांतल्या एकाने आपण वर्षानुवर्षे तिथे राहतो याची साक्ष द्यायला चिनी माणूस आणला होता. साक्षीदार चिनी आहे एवढ्यावरून ती साक्ष बाद ठरली. 15 मे 1893 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन असा निकाल कायद्याच्या बाजूने दिला. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांच्या मते हद्दपारी ही शिक्षाच नव्हे. म्हणून फौजदारी खटल्यातली संरक्षणे तिला लागू होत नाहीत. विरोधी मत देणाऱ्यांपैकी डेव्हिड ब्रूअर यांनी बजावले की आज हा अधिकार चिन्यांवर चालतो आहे, उद्या तो दुसऱ्या कोणावर चालणार नाही हे कोण सांगणार. निकाल लागला खरा, पण लाखभर माणसांना जहाजात भरून पाठवण्याइतका पैसा सरकारजवळ नव्हता. तेव्हा नोव्हेंबर 1893 मध्ये मॅकक्रीअरी दुरुस्ती आली. तिने नोंदणीला सहा महिने वाढवून दिले आणि त्या सवलतीच्या पोटात फोटोची सक्ती घातली. फोटोत चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे, केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत तो दीड इंचाहून लहान नको, इतका बारकावा नियमांत होता. या वेळी बहुतेकांनी मान तुकवून नोंदणी केली.

तरी त्या फोटोंकडे नीट पाहिले तर सगळी शरणागती दिसत नाही. ठेवणीतला अंगरखा घालून, खांदे सरळ करून, चिनी वस्तीतल्या स्टुडिओत हवा तसा फोटो काढून घेणारे अनेक होते. व्यापाऱ्यांना बंदी नव्हती, त्यांची कागदपत्रे वेगळी; त्यांच्या फोटोंतून दुकानदाराची प्रतिष्ठा दाखवण्याची धडपड दिसते. पोलिसांच्या गुन्हेगार-संग्रहात शोभेल असा फोटो आपला नको, याबद्दल ते फार हळवे होते, आणि ती शंका वावगी नव्हती. पॅरिसमध्ये अल्फोन्स बर्टिलाँ यांनी कैद्यांचे समोरून आणि बाजूने फोटो घेण्याची पद्धत नुकतीच रुळवली होती. पुढे अधिकाऱ्यांनी मापे, कोन, पार्श्वभूमी ठरवत नेली आणि स्टुडिओतला माणूस हळूहळू दप्तरातल्या नमुन्यात बसवला गेला.

आता आक्षेप. पहिला, इतिहासकाराचा: माणसाला कागदाने बांधण्याची कल्पना जुनी आहे, चिन्यांनाच तिचा मान का द्यायचा? फ्रान्समध्ये कामगारांना ‘लिव्रे’ नावाची वही बाळगावी लागे. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामाला मळ्याबाहेर जायला मालकाची चिठ्ठी लागे आणि मुक्त कृष्णवर्णीयांना आपण मुक्त असल्याचे कागद जवळ ठेवावे लागत. 1876 च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात तर प्रदर्शकांना फोटोचे पासही दिले होते. हे सगळे खरे आहे, आणि कुळ शोधताना हे आजोळ विसरून चालणार नाही. ‘गोरा साक्षीदार’ हा शब्दप्रयोग गुलामगिरीच्या कायद्यांच्या घरातूनच आला, यात मला शंका नाही. पण प्रदर्शनाचा पास दारातून आत जाण्यापुरता होता आणि गुलामाची चिठ्ठी मालकाच्या सहीवर चाले. 1893 च्या दाखल्यात तीन धागे एकत्र विणले गेले: कैद्यांच्या नोंदीतला फोटो, गुलामाच्या चिठ्ठीतला संशय आणि मध्यवर्ती सरकारची देशभर चालणारी नोंदवही. ही विणकाम-कृती आधीची नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. चिनी लोक खोटी कागदपत्रे वापरतच होते, मग सरकारने करायचे तरी काय? वापरत होते, यात लपवण्यासारखे काही नाही. 1898 मध्ये वाँग किम आर्क खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेत जन्मलेला चिनी हा नागरिकच असे ठरवले होते. 18 एप्रिल 1906 च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्कोचे जन्मनोंदींचे दप्तर जळाले, आणि मग अनेकांनी आपला जन्म इथलाच असा दावा केला. अशा ‘नागरिका’ने गावी जाऊन आल्यावर मुलगा झाल्याचे नोंदवायचे, आणि ती जागा पुढे पुतण्याला, शेजाऱ्याला, कधी पैसे मोजणाऱ्या परक्याला द्यायची. हेच ते ‘कागदी मुलगे’. एंजल आयलंडच्या तपासणी ठाण्यात त्यांना विचारत: घराला पायऱ्या किती, तांदळाचा हंडा कुठे, तिसऱ्या ओळीत कोण राहते. उत्तरे जहाजावर पाठ करायची आणि टिपण समुद्रात टाकायचे. पण क्रम पाहा. फोटोवाला दाखला आला 1893 मध्ये; कागदी मुलांची लाट आली त्यानंतर. बायकोला आणता येत नाही, भावाला बोलावता येत नाही, मजूर म्हणून सरळ दाराने येता येत नाही, अशा स्थितीत जो कागद मागितला गेला तोच कागद पुरवला गेला. आणि खरा कागद असणारा तरी सुरक्षित होता का? सर्वोच्च न्यायालयात जिंकलेल्या वाँग किम आर्कलाच 1901 मध्ये टेक्सासच्या एल पासोमध्ये बेकायदा चिनी म्हणून पकडले होते.

हा नमुना इंग्रजी बोलणाऱ्या वसाहतींतही दिसतो. कॅनडाने चिन्यांवरचा डोईकर 1885 च्या 50 डॉलरवरून 1903 मध्ये 500 वर नेला आणि त्याची पावती हाच त्यांचा ओळखीचा कागद झाला. ऑस्ट्रेलियाने परतणाऱ्यांच्या दाखल्यावर फोटोबरोबर हाताचा ठसाही घेतला. ट्रान्सवालमध्ये आशियाई नोंदणीचा कायदा 1907 मध्ये आला. तो हिंदी आणि चिनी दोघांवर होता आणि त्यात बोटांचे ठसे होते. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाच्या आपल्याकडच्या आठवणीत चिनी क्वचितच येतात, ही मोठी उणीव आहे. जोहान्सबर्गच्या चिन्यांचे पुढारी ल्युंग क्विन हे गांधींच्या बरोबर तुरुंगात होते आणि जानेवारी 1908 मध्ये जनरल स्मट्सना गेलेल्या तडजोडीच्या पत्रावर त्यांचीही सही आहे. ठशांबद्दल गांधींनी पोलिसी ग्रंथ चाळून मुद्दा काढला होता तो अमेरिकेतल्या चिनी व्यापाऱ्यांच्या फोटोबद्दलच्या मुद्द्याशी जुळतो: अशी ओळख कायद्याने फक्त गुन्हेगारांकडून घेतली जाते. ती तडजोड फिसकटली आणि 16 ऑगस्ट 1908 रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर दाखले जाळले गेले. गोपाळ कृष्ण गोखले 1912 मध्ये तिथे गेले तेव्हा ज्या अन्यायांबद्दल त्यांनी बोथा आणि स्मट्स यांच्याशी बोलणी केली, त्यांत हा नोंदणी कायदाही होता.

शेवटचा आक्षेप असा की पहिले महायुद्ध आलेच असते, हेरांच्या भीतीने पासपोर्टवर फोटो चिकटलेच असते, मग चिन्यांची कथा म्हणजे केवळ तळटीप. 1914-15 मध्ये अमेरिकेने आणि ब्रिटनने पासपोर्टला फोटो सक्तीचा केला हे बरोबर. पण पासपोर्ट हा नागरिकाने सरहद्दीवर दाखवायचा कागद. देशात राहणाऱ्या परक्याने सतत सिद्ध करत राहायचे, ही कल्पना त्यातून येत नाही. तिची वाट अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या दप्तरातून सरळ दिसते. 1909 मध्ये सर्व चिन्यांसाठी, नागरिकांसाठीसुद्धा, फोटोचे ओळखपत्र आले. 1928 मध्ये इतर नवागतांना तसेच कार्ड मिळू लागले. 1940 च्या कायद्याने सगळ्या परदेशी रहिवाशांची नोंदणी आणि बोटांचे ठसे सक्तीचे केले. चिन्यांवरची बंदी 1943 मध्ये उठली. चीन तेव्हा युद्धात मित्र होता, आणि त्याच्या वाट्याला वर्षाला 105 जागा आल्या. दाखला मात्र उठला नाही, तो सगळ्यांचा झाला. आज पुण्या-ठाण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या कुटुंबात ज्याच्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली जाते ते ग्रीन कार्ड याच वंशातले आहे. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने ते सदैव जवळ बाळगले पाहिजे, नाहीतर तो गुन्हा, हे 1952 च्या कायद्यातले कलम अजून लागू आहे. आणि हद्दपारी ही शिक्षा नव्हे हे 1893 चे न्यायमूर्ती ग्रे यांचे सूत्रही तिथल्या न्यायालयांनी अजून सोडलेले नाही.