परेरा, डिसोझा आणि साष्टीची गावठाणे

श्रोतेहो, अंधेरीजवळच्या मरोळला किंवा बोरिवलीच्या खाडीपलीकडे गोराईला गेलात, तर जुन्या घरांच्या दारांवर परेरा, डिसोझा, फर्नांडिस अशी आडनावे दिसतील. परका माणूस चटकन म्हणतो, "ही मंडळी बाहेरून आलेली दिसतात." पण आत डोकवावे, तर घरातली आजी लुगडे नेसलेली आणि बोलते आहे ती आपलीच मराठी, फक्त तिकडच्या वळणाची! लग्न निघाले की विहिरीवर जाऊन वाजतगाजत 'उंबराचे पाणी' आणण्याची चाल या लोकांत आहे. मग ही आडनावे आली कोठून?

त्यासाठी १५३४ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यातच साष्टी बेट आले. आजची अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी याच बेटावर वसली आहेत. पोर्तुगीजांबरोबर पाद्री आले. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांत त्यांनी प्रार्थनास्थळ थाटले. मरोळजवळ १५७९ साली चर्च उभारले. इथल्या शेतकऱ्यांनी, कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी नवे नाव मिळे, आणि आडनाव बहुधा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे नाहीतर धर्मपित्याचे लागे. म्हणजे आडनाव आले ते रक्ताच्या नात्याने नव्हे, विधीच्या नात्याने.

आता या नावांचे अर्थ पाहा, मोठी गंमत आहे. सोझा हे उत्तर पोर्तुगालमधील एका नदीचे आणि तिच्या काठच्या मुलखाचे नाव. 'डि' म्हणजे 'चा'. तेव्हा डिसोझा म्हणजे आपल्या भाषेत 'सोझाकर'! परेरा म्हणजे नासपतीचे झाड; आपल्याकडे फणसे आणि पिंपळे आहेत, तसेच हे. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा. इंग्रजांत जॉनच्या मुलाचा 'जॉन्सन' झाला, त्याच धर्तीवर. अल्मैदा हे तर मुळात अरबी शब्दावरून पडलेले गावाचे नाव. अरबी शब्द पोर्तुगालच्या गावाला चिकटला आणि तिथून साष्टीच्या शेतकऱ्याच्या घरी आला.

१७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. दोनशे वर्षांचा पोर्तुगीज अंमल संपला. नावे मात्र राहिली. पुढे इंग्रज आले. मुंबईत नोकरीधंद्यासाठी गोव्याकडचेही ख्रिस्ती लोक येऊ लागले. त्यांची आडनावे हीच! तेव्हा आपण इथलेच मूळचे, हे वेगळे कळावे म्हणून या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. भाषा मराठी, आडनाव पोर्तुगीज आणि जमातीचे नाव इंग्रजी, असा तिहेरी इतिहास एका घराच्या दारावर लिहिलेला आहे.

याच समाजातले जोसेफ बाप्टिस्टा. त्यांचे घराणे मूळ उत्तनचे. ते लोकमान्य टिळकांचे जवळचे सहकारी होते. १९१६ साली बेळगावात होमरूल लीग स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. लोक त्यांना प्रेमाने 'काका' म्हणत. आडनावावरून त्यांना परके ठरवले असते, तर केवढी चूक झाली असती!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हजेरीपटावर असे एखादे नाव आले, तर त्या मुलाला "तू मूळचा कुठला?" असे विचारण्याआधी एवढे आठवावे, की कदाचित त्याचे पूर्वज या मातीत नांगर धरत होते तेव्हा मुंबई शहर जन्मालाही यायचे होते. आडनाव आपल्याला घराण्यावर आलेला प्रसंग सांगते. माणूस कुठला, हे त्याच्या गावाला, शेताला आणि बोलीला विचारावे.