लॉटरीचा पैसा जातो कुठं?

मागच्या बैठकीत आमच्या सास्तूरच्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "आमचे मालक बाजाराला गेले की लॉटरीचं तिकीट आणतात. आजवर एकदाही लागलं नाही. मग तो पैसा जातो कुठं?" बचतीचा हिशेब सगळ्यांसमोर वाचायची सवय लागली की असेच प्रश्न पडतात.

मुंबईत एशियाटिक सोसायटीची रुंद पायऱ्यांची जुनी इमारत आहे. सिनेमात तुम्ही पाहिली असेल. तो टाऊन हॉल बांधायला इंग्रजांच्या काळात सोडत काढून पैसा गोळा केला. तो पुरला नाही. उरलेला भार कंपनी सरकारनं उचलला आणि १८३३ साली हॉल पुरा झाला. निदान तिकीट घेणाऱ्याला कारण तरी ठाऊक होतं.

आपली महाराष्ट्र राज्य लॉटरी १२ एप्रिल १९६९ ला सुरू झाली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. केरळनं १९६७ मध्येच वाट दाखवली होती. मटका जोरात होता. त्या नादी लागलेला माणूस सरकारी तिकिटाकडं वळावा आणि राज्यालाही उत्पन्न व्हावं, हा हेतू. तिकिटाच्या पैशातून बक्षिसं, विक्रेत्याचं कमिशन, छपाई, सोडतीचा खर्च भागतो. उरतं ते राज्याचं. १९९८ च्या केंद्राच्या कायद्यानं विक्रीचा पैसा राज्याच्याच खात्यात जमा करायचं बंधन घातलं, पण तो कशावर खर्चायचा ते कायदा सांगत नाही. तिजोरीत पडला की बाकीच्या करांत मिसळतो. सात विहिरींचं पाणी एका रांजणात ओतल्यावर कुठलं कुठलं, कोण सांगणार?

केरळनं २०११ मध्ये 'कारुण्य' लॉटरी काढली आणि तिचा नफा गरिबांच्या कॅन्सर, किडनी, हृदयाच्या उपचारांसाठी ठेवला. मला हे पटतं. आजारपणात गहाण पडलेली मंगळसूत्रं आपण पाहिलीत.

ब्रिटननं १९९४ मध्ये राष्ट्रीय लॉटरी सुरू केली, तेव्हा वाटणी कायद्यातच लिहिली. शंभर पेन्सच्या पौंडातले साधारण २८ पेन्स चांगल्या कामांना. त्याचे पाच सारखे वाटे: कला, खेळ, जुना वारसा, सेवाभावी संस्था आणि नव्या सहस्रकाची कामं. पैसे द्यायला वेगळी मंडळं. संस्थांनी अर्ज करायचे. तरी कुरबुर झालीच. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसला कोट्यवधी पौंड मिळाले, तेव्हा लोक म्हणाले, तिकीट गरिबानं घ्यायचं आणि गाणं श्रीमंतानं ऐकायचं!

चिठ्ठी तर आपल्या भिशीतही निघते. पण दहा जणींनी शंभर-शंभर टाकले की हजारच्या हजार एकीच्या हातात पडतात, आणि पाळी प्रत्येकीची येते. कुणाचं बुडत नाही.

हे ऐकून त्या ताईंनी बचतीच्या वहीत मागचं पान उघडलं आणि मालकांची तिकिटं मांडायला घेतली. चार महिन्यांची बेरीज त्यांच्या गटातल्या बचतीपेक्षा जास्त निघाली. ते पान त्यांनी अजून घरी दाखवलेलं नाही. पोळा झाल्यावर दाखवणार म्हणतात.