लंडनमध्ये शिवलेले बगदाद

नाटकाच्या इतिहासात नट आणि नाटककार मानाने बसतात. पोशाख बेतणाऱ्याला जागा मिळते ती तळटीपेत. पर्सी अँडरसन हा असाच एक तळटीपेतला माणूस. मूळचा चित्रकार. १८८८ साली गिल्बर्ट-सलिव्हन यांच्या 'द योमेन ऑफ द गार्ड'चे आणि पुढच्याच वर्षी 'द गोंडोलिअर्स'चे पोशाख त्याने बेतले. कधी जुने इंग्लंड, कधी व्हेनिस. कागदावर जलरंगात चित्र काढायचे आणि शिंप्याच्या हाती द्यायचे, हा त्याचा धंदा.

साठी ओलांडल्यावर त्याच्याकडे बगदाद आले. ३१ ऑगस्ट १९१६ रोजी लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात ऑस्कर अॅशचे 'चू चिन चाऊ' सुरू झाले. कथा अलीबाबा आणि चाळीस चोरांची. चोरांचा सरदार अबू हसन चिनी व्यापाऱ्याच्या वेषात बगदादच्या धनिकाकडे पाहुणा म्हणून येतो. म्हणजे इथे पोशाख हेच कथानक! रेशीम, पगड्या, आणि गुलामांच्या बाजारात तोकड्या वस्त्रांतल्या दासी. आता ही कथा तरी अरबांची किती? कोणत्याही जुन्या अरबी हस्तलिखितात ती सापडत नाही. १७०९ साली हलबच्या हन्ना दियाब या ख्रिस्ती तरुणाने ती पॅरिसमध्ये गालाँला सांगितली.

अँडरसनच्या हातात कसब होते, यात शंका नाही. प्रश्न काळाचा आहे. त्याच वर्षी २९ एप्रिलला कुत-अल-अमारा येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली होती. सुमारे १३ हजार कैदी झाले. त्यांत आपल्या मराठा पलटणींचे शिपाईही होते. अनेकजण त्या कैदेतून परतलेच नाहीत. आणि इकडे रजेवरचे गोरे सैनिक रात्रीमागून रात्री थिएटरात बगदाद पाहून हरखत होते. ११ मार्च १९१७ला खरे बगदाद इंग्रजांच्या ताब्यात आले, तेव्हा प्रेक्षकांना ते सहा महिने ओळखीचे होते. गरम रेती, ताप, तहान सोडून.

२,२३८ प्रयोगांनंतर २२ जुलै १९२१ला पडदा पडला. महिन्याभराने, २३ ऑगस्टला, बगदादेत इंग्रजांनी फैजलला इराकच्या गादीवर बसवले. तो लष्करी गणवेशात होता. इराकचे राष्ट्रगीत अजून तयार नव्हते, म्हणून बँडने 'गॉड सेव्ह द किंग' वाजवले.